अंधुक छायाचित्राची कैफियत

एखाद्या स्पर्धेत आपल्या छायाचित्राला पारितोषिक मिळाले नाही म्हणून त्याच्या कर्त्याने वर्तमानपत्रात फिर्याद गुदरावी, हे काही सुसंस्कृतपणाचे लक्षण नव्हे, याची मला पुरती जाणीव आहे; आणि म्हणून आरंभीच कबूल करून टाकतो की, माझ्या छायाचित्रावर परीक्षकांनी जो शेरा मारला तो अक्षरशः खरा होता. ‘विषय उत्तम, पण दाणे फार, आणि पंख हललेला,’ एवढाच तो शेरा. दाणे आहेत आणि पंखही हललेला आहे. माझे म्हणणे इतकेच की, ज्या जागी आणि ज्या घटकेला तो पक्षी बसला होता, तेथे दाण्यांवाचून छायाचित्र मिळवायचे तर त्या पक्ष्याचे काहीतरी हिरावून घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हते. आणि हे हिरावून घेणे अलीकडे इतके बिनबोभाट चालते की, अंधुक छायाचित्राच्या बाजूने कुणीतरी कैफियत मांडणे आता अगत्याचे झाले आहे.

आषाढातली सकाळ, सातचा सुमार. रायगड जिल्ह्यातल्या एका डोंगरउताराखालचा ओढा. गावाचे नाव मुद्दामच देत नाही, ते का, हे पुढे उघड होईल. पाऊस थांबला होता, पण झाडे अजून गळत होती, आणि माथ्यावर पानांचे छत इतके दाट की हातातल्या घड्याळाचे आकडे वाचायला मनगट डोळ्यांपाशी न्यावे लागे. कुठेतरी शीळकरी कस्तूर आपली लांबलचक शीळ अर्धवट सोडून गप्प झाला होता. एवढ्यात एक बारीक, धारदार चीत्कार पाण्याला समांतर सरकत गेला आणि ओढ्यावर ओणवलेल्या एका मुळीवर तिबोटी खंड्या येऊन बसला. जेमतेम पाच इंचांचा हा जीव. पोट हळदी-शेंदरी, पाठ निळीकाळी, कमरेवर जांभळ्या रंगाची झाक, आणि चोच व पाय पोवळ्यासारखे तांबडे. पावसाबरोबर तो कोकणात विणीसाठी येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत आडवे बीळ कोरून त्यात अंडी घालतो, आणि सापसुरळ्या, खेकडे, कोळी असा खुराक पिलांना पुरवतो. एवढे रंग ज्याच्या अंगावर, त्याने आपला सारा प्रपंच जिथे रंग दिसूच नयेत अशा अंधारात मांडावा, हे विधात्याचे कौतुकच म्हणायचे.

त्या उजेडाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. माझ्याजवळ ४०० मिलिमीटरचे भिंग होते आणि त्याचा पडदा उघडून उघडून ५.६ पर्यंत उघडत होता. रखरखीत उन्हात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेचा आकडा, १०० वर ठेवला तर या भिंगाला सेकंदाचा हजारावा हिस्सा पुरतो. त्याच आयएसओवर त्या ओढ्याकाठी मात्र सव्वा सेकंद लागला असता. म्हणजे उन्हाच्या मानाने हजाराव्या हिश्श्याहूनही कमी उजेड तेथे उतरत होता. सव्वा सेकंद हातात भिंग धरून राहणे माणसाच्या आवाक्यातले नाही, आणि सव्वा सेकंद निश्चल बसणे खंड्याच्या स्वभावातले नाही. तेव्हा मी आयएसओ ६४०० वर नेले आणि सेकंदाचा पन्नासावा हिस्सा पदरात पाडून घेतला. जुन्या छायाचित्रकारांचा दंडक असा की, भिंगाची लांबी जितकी मिलिमीटर, निदान तितक्याव्या हिश्श्याइतका तरी वेग हातात धरून घेताना हवा. म्हणजे मला चारशेवा हिस्सा हवा होता आणि माझ्या पदरी आला होता पन्नासावा. आठपट तूट! अलीकडच्या भिंगांत हाताचा कंप शोषून घेणारी योजना असते, तिने ही तूट पुष्कळशी भरून निघते. पण ती योजना हात हलला तर सावरते, पक्षी हलला तर तिचा काही इलाज चालत नाही, ही गोष्ट नवशिके हटकून विसरतात.

कुणी विचारील, मग तिपाई का नेली नाही? नेली असती, तर ओढ्यातल्या शेवाळलेल्या धोंड्यांवर तिचे तीन पाय रोवीपर्यंत खंड्या तीनदा जागा बदलून गेला असता. शिवाय हातात धरलेल्या भिंगाला एक निराळीच अदब असते. ते फार वेळ उगारून ठेवता येत नाही, दंड भरून येतात, आणि त्यामुळे पाहण्याचा वेळ वाढतो व टिपण्याचा आपोआप कमी होतो. कोपरे बरगड्यांना टेकवावीत, डावा तळवा भिंगाच्या पोटाखाली धरावा, पाठ एखाद्या खोडाला लावावी, श्वास अर्धा सोडून तेथेच क्षणभर थांबवावा, आणि बटण दाबावयाचे नसून बोटाखाली ते आपसूक खाली जात आहे असे मनाशी म्हणावे. मग पाच-सहांच्या झुबक्याने चित्रे घ्यावीत, कारण पहिल्या चित्रात बोटाचा हिसका उतरतो आणि मधल्या एखाद्यात हात, पक्षी व दैव या तिघांचेही एकमत झालेले असते. त्या सकाळी मी एकतीस चित्रे घेतली. त्यांतली दोन ठीक निघाली. आणि त्या दोहोंपैकी एकात खंड्याने अंगावरचे पाणी झटकले, तेव्हा त्याचा पंख पुसट झाला. स्पर्धेला मी तेच पाठवले, कारण मला तेच अधिक खरे वाटले.

आता दाण्यांविषयी. पुष्कळांची अशी समजूत आहे की, अंधारातल्या चित्रावर जी वाळू पसरल्यासारखी दिसते ती कॅमेऱ्याची खोड असून, अधिक दाम मोजून अधिक चांगला कॅमेरा घेतला की ती जाते. काही अंशी ती जाते, हे खरे. परंतु तिचे मूळ यंत्रात नाही, प्रकाशातच आहे. प्रकाश अखंड धारेने येत नाही, कणाकणांनी येतो. वळवाचे पहिले थेंब अंगणातल्या फरशांवर पडू लागतात तेव्हा एका फरशीवर चार थेंब, शेजारच्या फरशीवर एकच, असा पक्षपात दिसतो. पण सर दणकून कोसळली की सगळ्या फरश्या सारख्याच भिजतात. कॅमेऱ्यातल्या संवेदकावरही हेच घडते. जेथे सरासरीने १०,००० कण जमा व्हायचे तेथे चढउतार शंभराच्या घरात, म्हणजे शेकडा एक. आणि जेथे १०० कणच यायचे तेथे चढउतार दहाच्या घरात, म्हणजे शेकडा दहा. हे शेकडा दहा आपल्याला दाणे म्हणून दिसतात. आयएसओ वाढवणे म्हणजे वसुली वाढवणे नव्हे. जमा झालेल्या तुटपुंज्या रकमेचा हिशेब मोठ्या अक्षरांत लिहून काढणे, एवढेच ते. तेव्हा माझ्या चित्रातले दाणे हा त्या ओढ्यावरच्या आषाढी सकाळचा दाखला आहे. तेथे उजेड किती होता, हे ते मजहून प्रामाणिकपणे सांगतात.

पण दाखल्याची किंमत जगात नेहमीच सजावटीहून कमी ठरते. निर्दोष चित्र हवे असा हुकूम एकदा सुटला, मग तो निर्दोषपणा कोठून आणायचा, याच्या वाटा शोधल्या जातात, आणि त्या वाटा माझ्या पाहण्यात तीन आहेत.

पहिली वाट उजेड सोबत नेण्याची. रातवा रस्त्यावर बसलेला असावा, गोव्याच्या जंगलात बेडूकमुख्या फांदीला वाळक्या पानासारखा चिकटून झोपलेला असावा, शिंगी घुबडाने नुकतेच डोळे उघडलेले असावेत, आणि आपण त्यांच्या तोंडावर विजेचा झोत व फ्लॅश यांचा मारा करावा. दिव्याच्या खोलीतून आपण अंगणात आलो, तर आपल्याच डोळ्यांना अंधार पुरता उमगायला अर्धा तास लागतो. ज्याची सारी गुजराण त्या अंधारात पाहण्यावर चालते, त्याच्या डोळ्यांपुढे वीज चमकवून आपण त्याच्या ताटातला किती घास उडवला, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

दुसरी वाट पक्ष्याला उजेडात आणण्याची. त्याच्याच जातीचा आवाज यंत्रावर वाजवायचा, म्हणजे आपल्या मुलुखात दुसरा नर शिरला अशा समजुतीने बिचारा झाडी सोडून उघड्यावर धावत येतो. किंवा सोयीच्या फांदीपाशी भक्ष्य मांडून ठेवायचे. आणि यातले काहीच साधले नाही तर घरट्यापाशी जाऊन बसायचे, कारण पिले उपाशी असली की आईबापांना यावेच लागते. तिबोटीच्या बिळासमोर माणसांची रांग लागते, बिळाआडची पाने छाटली जातात, आणि सापसुरळी तोंडात धरलेला पक्षी चोचीतला घास पिलांना न देता समोरच्या फांदीवर ताटकळत राहतो. मग तेच ताटकळणे ‘वत्सल पिता’ अशा मथळ्याखाली बक्षीस मिळवते. आमच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तीत नुसते मारणे येत नाही. प्राण्याला आमिष दाखवणे येते आणि पक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देणेही येते. कायदा करणाऱ्यांना जे उमगले, ते कॅमेरा हातात असलेल्या सुशिक्षित माणसाला उमगू नये, याचे आश्चर्य वाटते. इंग्लंडातील नामांकित पक्षिछायाचित्रकार एरिक हॉस्किंग रात्री घुबडाच्या घरट्याजवळच्या आपल्या लपणाकडे जात असता, १९३७ साली, त्या घुबडाने झडप घालून त्यांचा डावा डोळा घेतला. आमच्या तिबोटीच्या पायांत ते बळ नाही, म्हणून त्याची हरकत कुठे रुजू होत नाही. आता गावाचे नाव मी का दिले नाही, हे वेगळे सांगायला नको.

या दुसऱ्या वाटेवर सगळा दोष स्थानिक वाटाड्याच्या माथी मारण्याची पद्धत आहे. तीही मला अन्यायाची वाटते. शहरातून दोन दिवसांची रजा काढून आलेले गिऱ्हाईक त्याला पहिल्याच प्रश्नात विचारते की, ‘जवळून मिळेल ना? उजेड असेल ना?’ त्याला घर चालवायचे असते. मागणी आमची आहे. तो पुरवठा करतो.

तिसरी वाट सर्वांत नवी, सर्वांत सभ्य आणि म्हणूनच मला सर्वांत धोक्याची वाटते, ती म्हणजे घरी आल्यावर संगणकाकडून चित्र स्वच्छ करून घेण्याची. दाणे थोडे मवाळ करणे, काळेपांढरे सावरणे, यात वावगे काही नाही. चित्र धुण्याच्या अंधाऱ्या खोलीतही हे होतच होते. परंतु आताची यंत्रे दाणे पुसून थांबत नाहीत. असंख्य चित्रे पाहून शिकलेल्या अनुभवावरून, येथे पीस असते तर कसे दिसले असते, याचा अंदाज बांधून ती ते पीस तेथे बसवतात. जे तंतू कॅमेऱ्याने टिपले नाहीत, भिंगाने दाखवले नाहीत आणि त्या अंधारात कुणाही मानवी डोळ्याला दिसले नाहीत, ते पडद्यावर सुईसारखे तीक्ष्ण उभे राहतात. माझ्या चित्राचाही मी तसा प्रयोग करून पाहिला. दाणे गेले, पंख स्थिर झाला, आणि आमच्या घरच्या मंडळींनी पसंतीची मान डोलावली. मला मात्र तो पक्षी ओळखीचा वाटेना. माझ्यासमोर त्याने पाणी झटकले होते, आणि या चित्रात त्याने ते झटकलेच नव्हते.

येथे खानदेशातल्या रानपिंगळ्याची हकिकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण निर्दोष पुराव्याने केलेला घात तिच्याइतका स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर कुणाला खात्रीलायक सापडलाच नव्हता. मात्र लंडनच्या संग्रहात रिचर्ड माइनरट्झहागन या बड्या लष्करी पक्षितज्ज्ञाने दिलेला एक सुरेख नमुना होता, आणि १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे तो मिळवल्याची चिठ्ठी त्याच्या पायाला होती. त्या चिठ्ठीवर विसंबून शोध करणारे भरकटले. पुढे अमेरिकन संशोधिका पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा असे निष्पन्न झाले की, खानदेशात मुलकी अंमलदार असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी पूर्वीच जमा केलेला तो पक्षी होता. माइनरट्झहागन यांनी तो संग्रहातून लांबवून, उसवून, नव्याने भरून, वर खोटी चिठ्ठी अडकवली होती. ती नोंद बाजूला सारून, जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारे शोध घेत रासमुसेन आणि त्यांचे सहकारी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात आले, आणि ११३ वर्षांनी रानपिंगळा त्यांना एका निष्पर्ण झाडावर बसलेला दिसला. नव्याने भरलेला पक्षी दिसायला देखणा होता, टाके कुशल होते, दस्तऐवज जागच्या जागी होता; फक्त तो खोटा होता. संगणकाने पिसे भरलेले छायाचित्र पाहिले की मला मांडवीची ती चिठ्ठी आठवते.

माझ्या या मताला एक सयुक्तिक हरकत घेतली जाते, आणि तिला उत्तर देणे प्राप्त आहे. ती अशी की, सामान्य लोकांना पक्ष्यांविषयी जिव्हाळा वाटू लागतो तो सुंदर चित्रांमुळेच. धुरकट, रवाळ चित्रे दाखवून कुणी पक्षिप्रेमी झाल्याचे ऐकिवात नाही. यात तथ्य आहे. मीही बालपणी रंगीत चित्रे पाहूनच या नादाला लागलो. पण सुंदर आणि निर्दोष हे दोन शब्द समानार्थी नाहीत. मद्रासचे एम. कृष्णन यांनी आयुष्यभर कृष्णधवल छायाचित्रेच घेतली. रंग नसल्याने त्यांतली रानातली हवा कमी झाली असे ती पाहणाऱ्याला वाटत नाही. आणि दुसरे असे की, ज्याने तिबोटी केवळ उन्हात न्हालेला, पीस अन् पीस मोजता येईल असा, चित्रातच पाहिला, त्याला तो पक्षी अंधाराचा रहिवासी आहे, हे कधी कळतच नाही. मग ओढ्याकाठचे छत तोडून तेथे मोकळा रस्ता झाला, तर पक्ष्याचे काय बिघडले, असे तो निरागसपणे विचारतो. कारण त्याच्या मनातला पक्षी उन्हातच राहतो. ज्या अंधाराने माझे चित्र बिघडवले, त्याच अंधाराच्या आधाराने त्या पक्ष्याचे घर टिकून आहे, हे माझ्या चित्रातून जेवढे कळते तेवढे त्या झगझगीत चित्रातून कळत नाही.

मी कुणावर बंदी घाला असे म्हणत नाही. आपल्याकडे हौसेने हिंडणारा, पदरमोड करून भिंगे घेणारा आणि पहाटे चारला उठणारा छायाचित्रकार हा पक्ष्यांचा शत्रू नसून बहुधा मित्रच असतो. त्याला फक्त दोष नसलेल्या चित्राच्या मोहातून सोडवायचे आहे, आणि ते काम चित्रे निवडणाऱ्यांच्या हातात आहे. काही स्पर्धांनी घरट्यांवरची चित्रे वर्ज्य केली, हे स्तुत्य आहे. त्यांनी आणखी एक पाऊल टाकून कॅमेऱ्यातली मूळ प्रत मागावी, आणि संगणकाने भरलेली पिसे बाद ठरवावीत. संपादकांनी चित्राखाली पक्ष्याच्या नावाबरोबर वेळ, उजेड आणि चित्र घेण्याची रीत यांची एक ओळ छापावी. आपल्या राज्यात दर वर्षी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून, म्हणजे ५ नोव्हेंबरपासून, सलीम अली यांच्या जन्मदिनापर्यंत, म्हणजे १२ नोव्हेंबरपर्यंत पक्षिसप्ताह साजरा होतो आणि गावोगाव प्रदर्शने भरतात. त्यांत एखादी भिंत अंधुक चित्रांसाठी राखून ठेवायला खर्च काही येणार नाही. आणि छायाचित्रकाराने आपल्याशी एवढेच ठरवावे की, सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यातही जे मावत नाही ते आपल्यासाठी नव्हते. अशा वेळी कॅमेरा छातीवर लोंबू द्यावा आणि नुसते पाहावे.

परीक्षकांनी आपला शेरा बदलावा, अशी माझी मागणी नाही. त्यांनी आपल्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: ‘चित्र घेऊन झाल्यावर पक्ष्याने काय केले?’ माझ्या चित्रापुढे त्या रकान्यात मी लिहिले असते: पक्षी त्याच मुळीवर बसून होता, मी आधी निघालो.